पाटी नंतर, आधी मतदारयादी

प्रश्न : आम्ही आठ मित्रांनी गावात नव्या पक्षाची शाखा काढली. बैठकीला कोणी येत नाही. ग्रामपंचायतीला उभं राहावं का? — एक कार्यकर्ता, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : बाळांनो, कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तालुका आणि जिल्हा पंचायतीची होते. तेव्हा गावात तुमची माणसं स्वतःच्या नावावरच उभी राहतील, म्हणून नाव आधी कमवा.

भात लावणीच्या दिवसांत संध्याकाळी सहाला बैठक ठेवलीत तर कोण येणार? बायका चिखलाचे पाय धुऊन चुलीपुढं बसलेल्या असतात. जेवणं आटोपल्यावर तुम्हीच घरोघर जा आणि मतदारयादी बरोबर न्या. मी असाच एका सोप्यात बसलो होतो. महाराष्ट्रातल्या चंदगडहून आलेली सून म्हणाली, "मामा, माझं नाव अजून माहेरीच हाय." लग्नाला चार वर्षं झालेली! आपल्याकडं सीमेपलीकडून आलेल्या सुना घरोघरी आहेत. त्यांचं नाव सासरच्या यादीत आणायला नमुना ८ हा अर्ज भरायचा, अठरा पूर्ण झालेल्या पोरांचं नाव नव्यानं घालायला नमुना ६. त्या घरानं पुढं मला कधी परकं मानलं नाही.

वर्गणी दहा रुपये असली तरी पावती फाडा. हिशेब दर महिन्याला देवळात वाचून दाखवा, त्यात टाळाटाळ नको. चांगली पोरं पैशाच्या संशयानं फुटलेली मी पाहिली आहेत आणि ते अजून जिव्हारी लागतं.

पक्षाची नोंदणी निवडणूक आयोगाकडं, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली होते. ते वरचे बघतील.