२६ तारखेला तारा उतरवू नका

प्रश्न : लुथरन चर्चमध्ये नाताळ ते प्रकटीकरण या दिवसांत उपासनेत काय वेगळं असतं? घरी रोज थोडं चिंतन करायचं आहे, काय वाचावं? आमच्या मंडळीत २६ तारखेलाच सगळी सजावट उतरवतात, ते बरोबर आहे का?

उत्तर :

शेवटचं आधी घेते. बरोबर नाही. निदान लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतले, म्हणवून घ्यायचं असेल तर अजिबात नाही. नाताळ २५ ला सुरू होतो आणि ५ जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, म्हणजे पूर्वेकडचे मागी, ज्ञानी लोक, बाळ येशूपर्यंत पोचले तो दिवस. दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कंदील तोवर लटकतोच. गणपतीही दीड दिवसात उठलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. मग नाताळच एका दिवसात का गुंडाळायचा?

मी हे तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे.

माझे वडील मूळ मध्य प्रदेशातल्या, तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरकडचे. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, कारण तिकडची लुथरन मंडळी स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिलेली आणि उपासना हिंदीतून चालायची. रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे, म्हणून लागले आणि भुसावळला आले. खानदेशात जुनं मिशनकार्य बहुतेक अलायन्स परंपरेचं, म्हणजे बाळांना नव्हे तर कळत्या वयात बाप्तिस्मा देणाऱ्यांचं, त्यामुळे बाबा रविवारी कॉलनीजवळच्या मंडळीत जायचे आणि लुथरन राहायचे ते घरी. हिंदी उपासनेचं एक पुस्तक होतं त्यांच्याकडे, कोळशाच्या हाताचे डाग पडलेलं. त्यात कोणत्या दिवशी बायबलमधला कोणता पाठ, ती यादी. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी रोज संध्याकाळी ओट्यावर टांगलेल्या नाताळच्या कागदी ताऱ्याखाली उभं राहून त्या दिवसाचा पाठ वाचायचा, एक गाणं म्हणायचं, मग जेवण. थंडीत आम्ही भावंडं शाली पांघरून उभी.

१९९६ साली मी पहिल्या बाळंतपणाला धुळ्याहून माहेरी आले होते. मुलगा झाला ११ डिसेंबरला, दिवस भरायच्या आधी. दवाखान्यातच होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि बाबांनी कुणाला न विचारता नर्सकडून स्टीलची वाटी मागितली. नळाचं पाणी भरलं. आपली दोन बोटं बुडवून त्या एवढ्याशा कपाळावर तीनदा पाणी लावलं, पिता, पुत्र व पवित्र आत्मा म्हणाले आणि नाव ठेवलं. पाणी सुईच्या पट्टीवर ओघळू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ त्याच्या कानाशी धरली होती, ती ओंजळ मला अजून दिसते. जीव धोक्यात असेल आणि पाळक जवळ नसेल तर कुणीही विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो, ही लुथरन शिकवण आहे. बाबांनी ती पाळली.

२१ तारखेला सकाळी तो गेला. आमच्याकडे घरगुती बारसं बाराव्या दिवशी करतात. बारावा दिवस २२ ला होता. त्या दिवशी, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, चौथ्या रविवारी, आम्ही त्याला पुरून आलो.

२५ ला चर्चमध्ये नेहमीसारखा कार्यक्रम झाला. मुलांचं नाटक, टाळ्या, संदेशात आनंद, आनंद आणि आनंद. मला कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी केकचा तुकडा हातात दिला. त्यांचा दोष नव्हता. ज्या मंडळीकडे नाताळचा एकच दिवस आहे, तिला त्या दिवशी हसण्याशिवाय दुसरं काही येणार कुठून?

२६ ला संध्याकाळी माझ्या थोरल्या भावाने तारा उतरवला. दादा तेव्हा मंडळीच्या पंचांमध्ये होता. त्याने वायर गुंडाळली आणि तारा माळ्यावर टाकला. म्हणाला, "नाताळ झाला. दुखवट्याच्या घरात रोषणाई बरी दिसत नाही." बाबा म्हणाले, "अजून दहा दिवस आहेत." दादा म्हणाला, "बायबलमध्ये कुठं लिहिलंय बारा दिवस? हे सगळं रोमन कॅथलिक पद्धतीचं उरलंसुरलं आहे." आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलला, की बाळाचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, ज्याला कळतच नाही त्याला पाणी लावून काय होतं.

बाबा काही बोलले नाहीत. सकाळी मी उठले तर ते ओट्यावर बसले होते. तारा बांबूच्या कामट्यांचा, त्यांनी स्वतः बांधलेला. माळ्यावर टाकताना एक टोक फाटलं होतं. पातेल्याच्या झाकणात कणकेची खळ केली होती. लाल कागद मिळाला नाही, पण संक्रांत जवळ आल्यामुळे नाक्यावरच्या दुकानात पतंगाचा कागद आला होता, तो हिरवा आणला. खळ बोटाने कामटीला लावायची, कागद सैल ठेवून चिकटवायचा, वर पाण्याचा हात फिरवायचा. वाळला की तो आपोआप डफासारखा ताणला जातो. दुपारपर्यंत तारा परत खिळ्याला. चार टोकं लाल, एक हिरवं. शेजारच्या मावशी अमळनेरच्या, त्या येता-जाता विचारायच्या, "तुमनी दिवाळी आजून सरनी नही का व माय?" त्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. तारा लागलेला बघून आल्या आणि माझ्याजवळ बसून राहिल्या.

२८ डिसेंबर हा निरपराध बालकांचा दिवस. हेरोद राजाने बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारली, त्यांची आठवण. मत्तय दुसरा अध्याय, १३ ते १८ ओव्या. बाबांनी नेहमीच्या आवाजात वाचलं. राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, तिला सांत्वन नको आहे, कारण मुलं राहिली नाहीत. तोवर मी सात दिवस रडले नव्हते. नाताळाच्या आत, त्याच ताऱ्याखाली, माझ्यासारखीसाठी एक दिवस राखून ठेवलेला आहे, आणि तो शेकडो वर्षांपासून तिथे आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. एका दिवसाच्या नाताळात हा पाठ कधीच येत नाही. तारा २६ ला उतरला असता तर तो मी ऐकलाच नसता.

१ जानेवारी हा येशूच्या नामकरणाचा दिवस. लूक २:२१, एकच ओवी. आठ दिवस पूर्ण झाले आणि त्याचं नाव येशू ठेवलं. ती वाचून बाबांनी आमच्या बाळाचं नाव मोठ्याने घेतलं. त्यालाच मी त्याचं बारसं मानते. आणि १२ जानेवारीला, प्रकटीकरणानंतरच्या पहिल्या रविवारी, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा पाठ होता. तो वाचताना बाबांनी दादाकडे पाहिलंही नाही. मी मात्र पाहिलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. उपासनेत काय वेगळं असतं, तर वेदीवरचं कापड आगमनकाळात जांभळं किंवा निळं असतं, ते नाताळला पांढरं होतं आणि प्रकटीकरण, प्रभूचा बाप्तिस्मा इथवर पांढरंच राहतं. मध्ये २६ ला स्तेफनाचा दिवस येतो, पहिला रक्तसाक्षी, त्याला लाल. २८ लाही लाल. २७ ला योहान प्रेषित. देवदूतांचं ‘परम उंचामध्ये देवाला गौरव’ हे गीत आगमनकाळात गाळलेलं असतं, ते नाताळच्या रात्री परत येतं. चार आठवडे गप्प राहिल्याशिवाय ते परत येणं कळत नाही. १ डिसेंबरपासून सगळंच गाऊन टाकणाऱ्यांनी यावर विचार करावा. प्रभूच्या बाप्तिस्म्यानंतर हिरवं, आणि उपवासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवाराआधीच्या शेवटच्या रविवारी रूपांतराचा सण, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप तेजाने पालटलं तो दिवस, पुन्हा पांढरं. तेजाने सुरू झालेला काळ डोंगरावरच्या तेजाने संपतो आणि तिथून वाट वधस्तंभाकडे उतरते.

ज्यांना वाटतं की हे फक्त रोमन आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. योहान सेबास्टियन बाख हा जर्मनीतल्या लायपझिगच्या लुथरन चर्चचा संगीतकार. त्याचं नाताळचं मोठं संगीत सहा भागांचं आहे आणि ते पहिल्यांदा एका बैठकीत झालंच नाही. १७३४ च्या २५, २६ आणि २७ डिसेंबरला एकेक भाग, मग १ जानेवारी, मग नववर्षानंतरचा रविवार, आणि सहावा भाग १७३५ च्या ६ जानेवारीला. म्हणजे लुथरन मंडळी २६ ला आणि २७ लाही उपासनेला येत होती. आणखी ऐका : त्यातलं पहिलं स्तोत्र आणि सहाव्या भागाचा शेवट या दोन्हींची चाल एकच, आणि ती आज जगभर उत्तम शुक्रवारची चाल म्हणून ओळखली जाते. गव्हाणीवर वधस्तंभाची सावली. हे मी फार उशिरा ऐकलं, मुलीने फोनवर लावून दिलं तेव्हा. बाबांना बाख माहीत नव्हता, पण २८ तारखेचा पाठ माहीत होता, आणि मला त्यात फार अंतर वाटत नाही.

प्रकटीकरणाचं लुथरन स्तोत्र म्हणाल तर फिलिप निकोलाय या पाळकाचं पहाटेच्या ताऱ्यावरचं, १५९९ साली छापलेलं. त्याच्या उन्ना गावात प्लेग पसरला होता, रोज मंडळीतली माणसं पुरावी लागत होती, त्या दिवसांत त्याने ते लिहिलं. दुखवट्याच्या घरात तारा बरा दिसत नाही म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. तारा दुखवट्याच्या घरासाठीच आहे.

घरी वाचायला : २४ च्या रात्री लूक २, २५ ला योहान १:१–१४. २६ ला प्रेषितांची कृत्ये ६ आणि ७ मधला स्तेफन. २८ आणि १ तारीख वर सांगितलीच. मधल्या दिवसांत लूक २ मधले शिमोन आणि हन्ना घ्या, म्हातारी माणसं घरात असतील तर त्यांना वाचायला द्या. ६ जानेवारीला यशया ६०:१–६, स्तोत्र ७२, इफिसकर ३:१–१२ आणि मत्तय २:१–१२. मत्तय नीट वाचा. मागी किती होते ते लिहिलेलं नाही, ते राजे होते असंही नाही, आणि ते गोठ्यात नव्हे, घरात आले. म्हणून २४ च्या देखाव्यात मेंढपाळांशेजारी तीन राजे उभे करणं मला आवडत नाही. आमच्याकडे ते मातीचे मागी खिडकीपासून निघायचे, रोज थोडे पुढे सरकायचे आणि ६ तारखेला पोचायचे. लहान मुलांना याहून चांगला संदेश मी कुठल्या व्यासपीठावरून ऐकलेला नाही. चिंतन लांब करू नका. पाठ, दोन मिनिटं शांतता, प्रभूची प्रार्थना.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं सक्तीचं नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लुथरन विश्वासाच्या मुख्य कागदातच, सातव्या कलमात लिहिलं आहे की माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्याच असण्याची गरज नाही. सुवार्ता शुद्ध सांगितली जावी आणि संस्कार तिच्याप्रमाणे दिले जावेत, एवढं पुरे. सगळे लुथरन एकाच दिवशी सजावट काढतात असंही नाही, स्वीडनमध्ये तर झाड १३ जानेवारीपर्यंत ठेवायची पद्धत आहे. म्हणजे ‘बायबलमध्ये बारा दिवस कुठं आहेत’ या मुद्द्यावर दादा चुकला नव्हता. नाहीतच. बाप्तिस्म्याबद्दल त्याची मंडळी वेगळं मानते, तेही मी समजून घेतलं आहे. पण सवलत म्हणजे दुसऱ्याच्या घराचा तारा उतरवायचा हक्क नव्हे. आणि मी त्या घरात बाळंतीण होते.

तुमच्या पंचांशी भांडत बसू नका. चर्चमधली सजावट काढू द्या, घरचा तारा राहू द्या. बाबा २००९ साली गेले, तारा तेव्हापासून धुळ्याला माझ्याकडे आहे. कामट्या त्याच, कागद दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. जिलेटिनचा घेऊ नका, तो उन्हाने तडकतो. पतंगाचाच घ्या, डिसेंबरच्या शेवटी कुठेही मिळतो. आमच्याकडे चार टोकं लाल आणि एक हिरवं लावतो.