जपानला जाताय? पैशांचं असं करा

सगळे येन इथूनच नेऊ नका. पहिल्या दोन दिवसांपुरती रोकड पुरे. बाकी फोरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, भरा आणि लागतील तसे सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीतल्या एटीएममधून काढा, तिथे परदेशी कार्डं चालतात. बँकेचं डेबिट कार्ड जोडीला असू द्या, पण निघण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात.

मशीनने 'रुपये की येन?' विचारलं तर डोळे झाकून येन. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो खरा, पण त्यात चढा दर लपलेला असतो.

छोट्या रामेनवाल्यांकडे (रामेन म्हणजे रश्शातले नूडल्स) कुपनाचं यंत्र असतं: पैसे टाका, जेवणाचं कुपन घ्या. बरीचशी यंत्रं नाणी आणि १,००० येनची नोटच घेतात, तेव्हा १०,०००ची नोट आधीच एखाद्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडून ठेवा. नाण्यांसाठी बटवा न्याच. ५०० येनचं एक नाणं आपल्या अडीचशे रुपयांच्या वर जातं!