वाचकांचे प्रश्न : दगड गाडीच्या पोटाला लागल्यावर

प्रश्न : मी पाटण तालुक्यातील शेतकरी असून माझ्याकडे तीन वर्षांची डिझेल पिकअप आहे. पठारावरील रानातून वैरण आणताना खोल चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरचा दगड गाडीच्या पोटाला जोरात घासला आणि पुढे ओढाही ओलांडावा लागला. घरी आल्यावर गाडी वॉशिंग सेंटरवर धुऊन घेतली. मेकॅनिकने वाकून पाहिले आणि काही झालेले नाही, असे सांगितले. तेव्हापासून मात्र रिकाम्या गाडीला ताशी 50 ते 60 किलोमीटरच्या वेगात थरथर जाणवते आणि मागच्या डिफरन्शियलवर (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यावर) चिकट ओल दिसते. मी स्वतः काय तपासावे?

उत्तर : गाडी आधी धुतली गेली, ही घाई झाली. वाळलेल्या चिखलावर ओलसर ओघळ, दगडाची ताजी चरे आणि खरवडलेला रंग स्पष्ट दिसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली हा सगळा पुरावा वाहून जातो. यापुढे अशा फेरीनंतर आधी बॅटरीच्या उजेडात गाडीखाली पाहावे, मग धुवावे आणि वाळल्यावर पुन्हा एकदा पाहावे. गाडी सपाट जागेवर उभी करून, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत आणि सायलेन्सर निवेपर्यंत थांबावे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. वॉशिंग सेंटरचा रॅम्प किंवा गॅरेजमधला खड्डा मिळाला, तर उत्तमच.

पहिली पाहणी ब्रेकची. चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) कडेने आणि मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणारी बारीक धातूची नळी कुठे चेपली, वाकली किंवा चाकाला घासत आहे का, आणि अ‍ॅक्सलजवळच्या रबरी नळीला चीर पडली आहे का, हे नीट बघावे. काही पिकअपमध्ये भारानुसार मागचा ब्रेक कमीजास्त करणारी एक दांडी चेसिसपासून अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली असते; ती वाकली तर गाडी ओळीत थांबत नाही, पण ही दांडी मुद्दाम पाहणारे मेकॅनिक मी फार थोडे पाहिले आहेत. त्यानंतर गिअर न्यूट्रल करून, इंजिन सुरू करून ब्रेकचे पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरावे. सुरुवातीला ते किंचित खाली जाणे स्वाभाविक आहे. परंतु नंतरही ते हळूहळू खाली बसत राहिले, तर गाडी जागची हलवू नये.

ओल कशाची आहे हे बोटाने आणि नाकाने कळते. गिअरचे तेल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, डिझेलचा वास आपल्या परिचयाचा आहे, आणि ब्रेकचे तेल पातळ व फिकट असून ते रंगावर सांडले तर रंग उठतो. इंजिनच्या चेंबरला (खालच्या तेलाच्या भांड्याला) पोच पडला असेल, तर ब्रेकच्या चाचणीसाठीही इंजिन चालू करण्याआधी तेल मोजायची काडी काढून तेलाची पातळी पाहावी.

आता आपल्या दोन तक्रारींकडे वळू. डिफरन्शियलवर दगड बसला असेल, तर मागच्या कव्हरची कड मुडपून गॅस्केटमधून तेल झिरपत असावे. ओढ्याचाही विचार केला पाहिजे : चढउतारावर तापलेले डिफरन्शियलचे हौसिंग (बाहेरचे कवच) गार पाण्यात अचानक निवते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे छिद्र) चिखलाने बुजलेला असेल, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. गाडी सपाट असताना तेल भरण्याचा बोल्ट काढून, तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आहे का, हे बोटाने तपासावे. तेल चहासारखे दुधाळ झाले असेल, तर ते पूर्ण बदलावे. खालचा निचऱ्याचा बोल्ट सोडण्याआधी वरचा बोल्ट सुटतो याची खात्री करावी. नाही तर तेल ओतून जाते आणि नवे भरायला वाट राहत नाही.

थरथरीबाबत प्रथम रिमच्या आतला वाळलेला चिखल काढावा, कारण मूठभर मातीनेही चाकाचे संतुलन बिघडते. तरीही थरथर राहिली, तर प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) इंजिन बंद असताना हात फिरवून पोच शोधावा. शाफ्ट पोकळ असतो, त्यामुळे लहानसा चेपही वेगात जाणवतो. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या) टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसत असेल, तर क्रॉस कोरडा पडून झिजला आहे असे समजावे. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्या वेगात क्षणभर क्लच दाबूनही थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नसून शाफ्ट किंवा चाकांत आहे.

एक मोजणी टेपने स्वतःच करावी. पुढची चाके सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. त्यात फरक आढळला, तर पाट्यांचा (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला असण्याची शक्यता आहे. पाट्या जागी आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या कडेला गंज नसलेली चकचकीत रेघ दिसणे, हीदेखील सरकल्याचीच खूण असते. चेसिसवर पाट्यांच्या हँगरजवळ (पाट्या टांगलेल्या जागी) रंगाला बारीक चीर आणि त्यातून गंजाची रेषा आली आहे का, तेही पाहावे. तिथे वेल्डिंग करायचे ठरले, तर बॅटरीची जोडणी सोडायला सांगावे.

सायलेन्सरवर अडकलेले गवत किंवा उसाचे पाचट लगेच काढावे. कराडच्या फडातून परतताना मला जळका वास आला, तेव्हा गाडीखाली शोधून पाहिले तर मूठभर पाचट धुमसत होते.

यू बोल्ट सैल निघाले किंवा बदलावे लागले, तर सुमारे 100 किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत.