भूमिका कुठे घ्यायची आणि कुठे आवरायची

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र आणि सोबतचे दोन्ही मसुदे वाचले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते: ही मुलगी समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘वर्गातली हजेरी सक्तीची असावी का’ या एकाच विषयावर तिला एक पोझिशन पेपर (म्हणजे एक भूमिका घेऊन ती युक्तिवादाने मांडणारा लेख) आणि एक सर्वेक्षण अहवाल द्यायचा आहे. दोन्हीत मार्क जातील अशी तिला धास्ती आहे. मैत्रीण म्हणते, पैसे देऊन लिहून घे. संगणकशास्त्र शिकणारा भाऊ म्हणतो, असल्या लिखाणाचा नोकरीत काडीचा उपयोग नाही.

मार्कांचं नंतर बघू. मसुद्यांत दिसलेली गोष्ट आधी सांगते. पोझिशन पेपरमध्ये तू भूमिका घ्यायला कचरली आहेस, आणि जिथे ती आवरायची त्या अहवालात ती पानोपानी डोकावते आहे. नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

पोझिशन पेपरचं तुझं पहिलंच वाक्य बघ: ‘हजेरीच्या सक्तीचे काही फायदे आहेत, तसेच काही तोटेही आहेत.’ यावर कोण भांडेल? कुणीच नाही, आणि अडचण तीच आहे. एखादा समजूतदार माणूस ज्याला ‘मला हे पटत नाही’ म्हणू शकेल, तीच भूमिका. समजा तू लिहिलंस, ‘पदव्युत्तर वर्गात व्याख्यानांची हजेरी ऐच्छिक असावी, पण चर्चासत्रं आणि प्रात्यक्षिकांची सक्ती कायम राहावी.’ आता वाद सुरू होऊ शकतो, आणि तो कुठल्या वर्गाबद्दल, कुठल्या तासांबद्दल आहे हेही ठरतं. हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. तुझ्या मसुद्यात तुझं मत शेवटून दुसऱ्या पानावर सापडलं, तेही ‘असे वाटू शकते’ अशा शब्दांत.

आता पूर्वपक्ष. ‘काही लोकांना शिस्त महत्त्वाची वाटते’ असं विरोधकांचं म्हणणं तू मांडलंस आणि दोन ओळींत उडवून लावलंस. विरोधकाच्या तोंडी इतका लेचापेचा मुद्दा घातला की वाचकाला वाटतं, हिने दुसरी बाजू ऐकलेलीच नाही. खरा आक्षेप असा आहे: हजेरी ऐच्छिक केली तर जे गैरहजर राहतील, त्यांनाच बहुधा वर्गाची सर्वात जास्त गरज असते. घरी पुस्तकं, शांत जागा आणि विचारायला माणूस असलेल्यांचं निभून जाईल, बाकीच्यांचं काय? याला उत्तर दे. पूर्ण उत्तर देता येत नसेल तर तेवढं मान्य कर आणि तुझी भूमिका तेवढी आखूड कर. त्याने पेपर कमजोर होत नाही.

उदाहरण हवं असेल तर संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाचा १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात आलेला लेख वाच. यंत्र विचार करू शकेल का, हा त्याचा प्रश्न. त्याने आपल्या मताविरुद्धचे नऊ आक्षेप एकेक करून मांडले आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. त्यातला एक आक्षेप अतींद्रिय शक्तींचा होता आणि तो आपल्याला बराच सबळ वाटतो, असं त्याने चक्क लिहिलं आहे! आज ते वाचून हसू येतं, पण जो मुद्दा त्याला जड वाटला तो त्याने झाकला नाही.

अहवालाकडे वळू. इथे मला जास्त वेळ थांबावं लागणार आहे, कारण इथली गडबड लिहिण्याच्या आधीच, प्रश्न विचारतानाच झाली आहे.

तुझा पहिला प्रश्न: ‘जाचक हजेरीसक्ती रद्द व्हावी असे तुम्हाला वाटते का?’ ‘जाचक’ म्हटल्यावर उत्तर तूच देऊन टाकलंस. चौथा प्रश्न: ‘शिक्षक वेळेवर येतात आणि नीट शिकवतात का?’ वेळेवर येणाऱ्या पण नीट न शिकवणाऱ्या शिक्षकाबद्दल कुणी काय लिहायचं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रश्नावली सगळ्यांना पाठवण्याआधी पाच-सहा जणांना दे आणि प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय समजलं ते विचार. अशा कितीतरी चुका तिथेच पकडल्या जातात.

मग नमुना, म्हणजे ज्यांना तू प्रश्न विचारलेस ती माणसं. गुगल फॉर्म तू वर्गाच्या आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलास, ६४ उत्तरं आली, त्यातल्या ४८ जणांना सक्ती नको होती, आणि तू लिहिलंस: ‘७५ टक्के विद्यार्थ्यांना हजेरीची सक्ती नको आहे.’ गणित बरोबर आहे, वाक्य चूक आहे. तुला एवढंच म्हणता येतं: ‘उत्तर दिलेल्या ६४ जणांपैकी ४८ जणांनी सक्ती नको असे सांगितले.’ ज्यांनी लिंक पाहून सोडून दिली त्यांचं मत तुला माहीत नाही. आणि सक्तीवर चिडलेले फॉर्म भरायला आधी धावतात.

‘३८५ उत्तरं झाली की पुरे’ असं कुणीतरी सांगितल्याचं तू लिहितेस. तो आकडा खरा आहे, पण त्यामागे अटी आहेत. लोकसंख्या मोठी असेल, नमुना यादृच्छिक पद्धतीने (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी देऊन) निवडलेला असेल, आणि ९५ टक्के विश्वासपातळीला अधिक-उणे ५ टक्के चूक चालणार असेल, तर सुमारे ३८५ लागतात. मैत्रिणींच्या ग्रुपमधून ३८५ काय, ३,८५० गोळा केलेस तरी तो मैत्रिणींचाच ग्रुप राहतो. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लोकांचा कल जाणून घ्यायला सुमारे एक कोटी चाचणी-मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारनोंदणीच्या याद्यांमधून घेतली होती, म्हणजे मंदीच्या काळातली सुस्थितीतली माणसं. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

आता नव्याने सर्वेक्षण करायला वेळ नाही, हे मला कळतं. मग आहे ते प्रामाणिकपणे लिही. फॉर्म कधी, कुठे, किती जणांपर्यंत गेला, किती उत्तरं आली, प्रश्नांचे नेमके शब्द काय होते (‘जाचक’सकट!), कोणाचे आवाज सुटले, हे सगळं ‘पद्धती’ या भागात येऊ दे. पूर्ण प्रश्नावली परिशिष्टात जोड. निकालात फक्त निकाल लिही, त्यांचा अर्थ पुढच्या भागात. बाहेरगावहून येणारे तुझ्या नमुन्यात फक्त सात आहेत, त्यांची टक्केवारी काढू नकोस, सरळ संख्या दे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ या पाच पर्यायांची सरासरी ३.६ आली असं लिहिण्यापेक्षा प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते सांग. अर्धे या टोकाला आणि अर्धे त्या टोकाला असले की सरासरी मधोमध येते, आणि मधोमध कुणीच नसतं.

हा अहवाल पोझिशन पेपरमध्ये पुरावा म्हणून वापरू का, असं तू विचारलंस. वापर, पण त्याच्या मर्यादांसह आणि एकमेव पुरावा म्हणून नव्हे.

पैसे देऊन लिहून घेण्याबद्दल फार बोलत नाही. ती फसवणूक आहे, आणि तोंडी परीक्षेत ‘हाच नमुना का निवडला’ या एका प्रश्नावर ती उघडी पडते. एआयकडून भाषा तपासून घ्यायची असेल तर विभागाचा नियम आधी विचार. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस, अस्तित्वात नसलेले लेखही ते छातीठोकपणे सांगतं.

भावाला सांग, त्याच्याच क्षेत्रातल्या आयसीएमएल या मोठ्या परिषदेने २०२४मध्ये पोझिशन पेपरसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये अर्काइव्हने (arXiv, संशोधन लेखांचं खुलं ऑनलाइन भांडार) संगणकशास्त्रातले आढावा लेख आणि पोझिशन पेपर आधी कुठेतरी तज्ज्ञांनी तपासून स्वीकारलेले असले तरच घेऊ असं जाहीर केलं, कारण एआयने लिहिलेल्यांचा पूर आला होता. लिहिणारे यापुढे भरपूर मिळतील, तपासून लिहिणारे कमी.

तुझ्यासाठी याचा उपयोग आणखी थेट आहे. धोरण-संशोधन, बाजार-संशोधन, सामाजिक संस्थांमधलं मूल्यमापन, आकडेवारीवर आधारित पत्रकारिता, या कामांसाठी अर्ज करताना बऱ्याचदा लेखनाचा नमुना मागतात. बहुतेक मुलं प्रबंधातलं एखादं प्रकरण पाठवतात, जे वाचायला कुणाला वेळ नसतो. चार पानांचा नेटका पोझिशन पेपर वाचला जातो. संशोधन सहायकाच्या जागेसाठी मात्र अहवाल पाठव, आणि त्यातला पद्धतीचा भाग सगळ्यात जास्त घासूनपुसून घे. अनुभवी माणूस पानं उलटून आधी तिथेच जातो.

या आठवड्यात आधी अहवाल दुरुस्त कर, पेपर नंतर. अहवालातून काय सिद्ध होत नाही हे कळल्यावर पेपरमधलं भूमिकेचं वाक्य तुला बदलावं लागेल असा माझा अंदाज आहे.

तुझी,
समुपदेशक