बुटके समुद्रघोडे घरच्या टाकीत जगतात का? त्यांची पिल्लं वाढवता येतात का?

तुम्ही ह्यूस्टनला राहता, घरी ४० लिटरची टाकी रिकामी पडली आहे आणि तिच्यात बुटके समुद्रघोडे ठेवून त्यांची पिल्लं वाढवायची आहेत, असं तुम्ही विचारलंय. मी टँपाला असतो आणि बरीच वर्षं हेच मासे पाळतोय. जगतात, आणि पिल्लंही चांगली वाढतात. पण समुद्रघोडे सांभाळणं हा यातला लहान भाग. खरं काम आहे ते त्यांचं जिवंत खाणं रोज घरी तयार करायचं. ते जमणार असेल तरच या वाटेला जा.

हा मासा, म्हणजे हिप्पोकॅम्पस झोस्टेरी, मेक्सिकोच्या आखातातल्या आणि फ्लोरिडा-बहामाकडच्या उथळ पाण्यात, समुद्री गवतात राहतो. पूर्ण वाढलेला दोन-अडीच सेंटीमीटरचा. आयुष्य साधारण वर्ष-दीड वर्षाचं. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेलं भराभर पुढे सरकतं, म्हणून दिवसभर थोडंथोडं खात राहावं लागतं. पोहण्यात तर सगळ्या माशांत हाच सर्वांत मंद मानला जातो, ताशी जेमतेम दीड मीटर. पाठलाग त्याला जमतच नाही. तो शेपटीने गवताच्या पात्याला धरून बसतो आणि भक्ष्य तोंडाजवळ आलं की गपकन ओढून घेतो. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की त्याच्या नाकाडाच्या ठेवणीमुळे तोंडापुढचं पाणी जवळपास हलतच नाही. भक्ष्याला चाहूल लागत नाही आणि संथ पाण्यात दहापैकी नऊ झडपा यशस्वी होतात.

टाकी कशी हवी हे यातूनच ठरतं. पाणी संथ हवं आणि खाणं दाट हवं. ४० लिटरमध्ये दोन-तीन जोड्या सोडल्या, तर खाणं एका कोपऱ्यात आणि मासे दुसऱ्या कोपऱ्यात, असं होतं. सुरुवातीला १५-२० लिटरचीच टाकी घ्या आणि तुमची मोठी टाकी पिल्लं वाढल्यावर वापरा. गाळणीला हवेवर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. बुडबुडे मोठे आणि सावकाश येऊ द्या. बारीक बुडबुड्यांचा दगड लावू नका. तापमान २२ ते २५ अंश, पाण्याचा खारेपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने १.०२२च्या आसपास. धरून बसायला समुद्री शेवाळ किंवा प्लास्टिकची झाडं. मासे आणण्याआधी टाकी नीट मुरू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय एकही मासा सोडायचा नाही.

आता खाणं, म्हणजे आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्लं. याची सुकी अंडी आणून घरी फोडायची. दोन लिटरची सोड्याची बाटली घ्या, बूड कापून उलटी टांगा. लिटरमागे साधारण २५ ग्रॅम मीठ, पाणी २६-२८ अंशांवर, वर दिवा, आणि हवेची नळी थेट तळापर्यंत. चोवीस तासांच्या आसपास अंडी फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं राहिली असतील तर ती वर तरंगतात, न फुटलेली अंडी खाली बसतात आणि मधे उजेडाकडे सरकणारा केशरी ढग दिसतो. तेवढाच नळीने ओढून बारीक जाळीतून गाळा, धुवा आणि द्या. त्यांच्या पोटातला बलक जसा संपतो तसा कस जातो, म्हणून फुटल्यावर लवकर खाऊ घाला. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, किमान दोन वेळा. दोन बाटल्या आलटून पालटून चालवा. रोज रात्री विरजण लावावं तशी ही सवय अंगवळणी पडावी लागते. गोठवलेल्या खाण्यावर हे मासे जगवू असा हिशेब करू नका.

अंडी बाटलीत घालण्याआधी त्यांचं टरफल उतरवून घ्याच, कारण टाकीतला सगळ्यांत मोठा शत्रू, हायड्रॉइड, बहुधा त्या टरफलांबरोबर किंवा जिवंत दगडांवरून, म्हणजे समुद्रातले जीव अंगावर असलेल्या दगडांवरून, घरात येतो. अंडी तासभर गोड्या पाण्यात भिजवा, मग सुगंध न घातलेलं साधं ब्लीच घालून ढवळत राहा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. रंग तपकिरीचा राखाडी होतो आणि काही मिनिटांत केशरी. केशरी झाले की लगेच जाळीत ओता आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवा. शेवटी उरलेलं ब्लीच मारणाऱ्या चिमूटभर सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवून काढा.

हायड्रॉइड म्हणजे जेलीफिशचा भाऊबंद. काचेवर बारीक देठ आणि त्यावर धाग्यांचं फूल, एवढासा. टाकीतला आर्टेमिया खाऊन तो झपाट्याने पसरतो आणि त्याचा डंख नवजात पिल्लांना मारतो. रात्री दिवे बंद करून विजेरीने काच तिरकी न्याहाळत जा. आढळला तर कुत्र्यांच्या जंतांवरचं फेनबेंडाझोल चालतं. पण त्याने काही गोगलगायी आणि नळीकिडेही मरतात, आणि ते दगडात मुरून राहतं. मी तर या टाकीत जिवंत दगड घालूच नये या मताचा आहे.

एवढं सांभाळलं तर विणीसाठी तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. दिवा बारा तासांहून थोडा जास्त चालू ठेवा. फ्लोरिडात यांचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते ऑक्टोबर, म्हणजे दिवस मोठे असताना असतो. पहाटे दिवा लागल्या लागल्या टाकीसमोर बसा. जोडी एकमेकांजवळ येते, दोघांचा रंग उजळतो आणि अंगाला थरथर सुटते. पुढच्या दिवसांत मादी मान वर करून नाक आभाळाकडे धरते, मग नरही धरतो आणि दोघं पाण्यात वर उठतात. त्या वेळी मादी अंडी नराच्या पिशवीत सोडते. टँपा विद्यापीठाच्या हेदर मेसनजोन्स यांनी या प्रणयाचे टप्पे बारकाईने नोंदवले आहेत. घरी ते डोळ्यांनी पाहायला मिळतात, आणि माझ्या लेखी हे मासे पाळण्याचं सगळ्यात मोठं सुख हेच.

दहा-बारा दिवसांनी नर पिल्लं सोडतो. बहुधा पाच ते पंचवीस, क्वचित पन्नासच्या पुढे. मोठ्या जातींची पिल्लं आधी उघड्या पाण्यात तरंगत राहतात, ही मात्र जन्मतःच शेपटीने कशाला तरी धरतात आणि पहिल्या दिवसापासून ताजा आर्टेमिया खातात. नवशिक्याला हीच जात का जमते, त्याचं उत्तर यात आहे. मोठे मासे पिल्लांना खात नाहीत, एकाच टाकीत ठेवता येतात. तीनेक महिन्यांत तीही विणायला तयार होतात.

मासे घेताना घरात वाढवलेलेच घ्या, समुद्रातून पकडलेले नकोत. त्या गवताळ पट्ट्यांवर आधीच पुरेसा ताण आहे. हे वाचणारं कुणी भारतात असेल, तर तिथे २००१ पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोकणातल्या जाळ्यात आलेला समुद्रघोडा घरी आणायचा नसतो.

आणि आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. महिनाभर भारतात जायचं असेल तर खाऊ टाकणारं यंत्र इथे कामाचं नाही. रोज अंडी फोडून, गाळून, दोनदा खायला घालणारा माणूस लागतो. तो आधी शोधा, तुमच्यासमोर आठवडाभर त्याच्याकडून सगळं करून घ्या, आणि मगच मासे मागवा.