नकाशेवाल्याला विचारा: रंगीत फिल्म होती, मग फोटो काळा-पांढरा का?

प्रश्न: आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. अमेरिकेच्या हेर-उपग्रहाने 1960च्या दशकात काढलेला आमच्या भागाचा फोटो मुलाने इंटरनेटवरून उतरवून दिला. त्यात भीमेचं जुनं पात्र आणि पळसदेवचं देऊळ शोधतेय. पण सगळं काळं-पांढरं! तेव्हा तर रंगीत सिनेमे निघत होते. मग एवढ्या पैसेवाल्या लष्कराला रंगीत फिल्म परवडली नाही? की लष्करी नकाशांना रंग लागतच नाही?
– एक वाचिका, इंदापूर

उत्तर: ताई, पैशांचं कारण नव्हतं. तुमचा फोटो बहुधा ‘कोरोना’ मालिकेतला आहे. (नावाला हसू नका, ते साथीच्या कितीतरी आधीचं.) हे उपग्रह 1960 ते 1972 फोटो काढत होते आणि ते फोटो 1995 मध्ये खुले झाले. भरलेलं रीळ एका डब्यातून पॅराशूटने खाली यायचं आणि हवाई बेटांजवळ विमान ते अधांतरीच आकड्यात अडकवून घ्यायचं. वर नवं रीळ चढवायला कोण जाणार? त्यामुळे हातभर फिल्मसुद्धा वाया घालवायची सोय नव्हती.

आता थोडं गणित करू. शेवटच्या कोरोना कॅमेऱ्यांचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर, 61 सेंटिमीटर आणि उपग्रहाची उंची साधारण 150 किलोमीटर. म्हणजे फिल्मवरच्या एका मिलिमीटरात जमिनीचा जवळजवळ पाव किलोमीटर मावतो. तेवढ्यात बारीक कणांची काळी-पांढरी फिल्म सुमारे 160 रेघा सुट्या दाखवायची, म्हणून दोनेक मीटरची वस्तू कळायची. रंगीत फिल्मला एकावर एक असे तीन थर असतात. त्यांतून जाताना प्रकाश फाकतो आणि रेघा एकमेकींत मिसळतात. रेघा निम्म्या झाल्या, की ट्रक उभा आहे का झुडूप, हे सांगता येत नाही.

त्यात धुरकं. निळा प्रकाश हवेत सगळ्यांत जास्त विखुरतो, म्हणून काळ्या-पांढऱ्या फिल्मपुढे पिवळी-नारिंगी काच लावून तो अडवतात आणि चित्र कडक येतं. रंगीत फिल्मला मात्र निळा हवाच, आणि निळा घेतला की त्याच्यासोबत धुरकंही आलंच.

मग नकाशेवाल्याला रंग नकोच का? माझं सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रत्नागिरीकडच्या एका सड्याचे, म्हणजे कातळाच्या पठाराचे, हवाई फोटो माझ्या टेबलावर होते. दोन फोटोंतून उंच-सखल दाखवणाऱ्या स्टिरिओस्कोपखाली जोडी लावली, तर मधोमध एक गुळगुळीत, काळा, सपाट डाग. मी निळ्या शाईने छानपैकी तळं काढलं आणि वर कडेला बांधही दाखवला! दोन महिन्यांनी पडताळणीला गेलेले आमचे सर्व्हेअर परतले. पिशवीतून काळपट कातळाचा तुकडा काढून त्यांनी माझ्या फोटोवर ठेवला. ‘घ्या साहेब तुमचं पाणी.’ करड्या छटांच्या दुनियेत हे असं चालतं. काळा कातळ, वणव्यात जळलेलं गवत आणि खोल पाणी, तिन्ही सारखीच दिसतात. बरं, खऱ्या पाण्यावर सूर्य नेमका चमकला, तर तेच तळं पुढच्या फोटोत पांढरंशुभ्र. रंगीत फोटो असता, तर मी त्या दिवशी चहाच्या टेबलावर हसं करून घेतलं नसतं.

अमेरिकेतल्या लोकांनाही हे कळत होतंच. 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी काही कोरोना उड्डाणांत रंगीत फिल्मचे तुकडे जोडून पाहिले. सोबत छद्मावरण, म्हणजे शत्रूपासून लपवायला घातलेलं झाकण, ओळखणारी अवरक्त फिल्मही होती. दुसऱ्या महायुद्धापासूनची ही युक्ती मला फार आवडते. जिवंत पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं आणि या फिल्मवर लालभडक उमटतं. हिरवा रंग फासलेली ताडपत्री तसं करत नाही, ती निळसर पडते. तोफेवर खऱ्याखुऱ्या फांद्या तोडून टाकल्या, तरी त्या सुकत जातील तसा लालपणा उतरतो. शेजारचं झाड लाल आणि हे फिकट, म्हणजे तिथे काहीतरी झाकलंय.

रंगाचा खरा हक्क मात्र समुद्राच्या नकाशांवर. धुरकं अडवणारी ती नारिंगी काच इथे उलटी नडते, कारण तिच्यातून येणारा तांबडा प्रकाश पाण्यात काही मीटरांतच जिरतो. उथळ समुद्राचा तळ पाहायचा, तर निळा-हिरवाच हवा. दिएगो गार्सियाचा अमेरिकी लष्करी तळ हिंदी महासागरातल्या ज्या चागोस द्वीपसमूहात आहे, तिथे नकाशात नसलेला एक प्रवाळखडक सापडला तो 1972 पासूनच्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रह-मालिकेच्या चित्रांत. लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर सुमारे 80 मीटरचा! कोरोनाच्या मानाने आंधळाच म्हणायचा, पण त्याला हिरवा आणि तांबडा वेगवेगळे कळत होते.

हा पेच अजून मिटलेला नाही. आपल्या कार्टोसॅट-1 (2005) या नकाशांसाठीच्या उपग्रहामधले दोन्ही कॅमेरे काळे-पांढरेच होते. एक पुढे, एक मागे झुकलेला, म्हणजे जोडीवरून उंची काढता येते. 2019 च्या कार्टोसॅट-3 ची काळी-पांढरी नजर पाव मीटरची आहे, रंगीत साधारण एक मीटरची. संगणक बारीक चित्रावर जाडा रंग चढवतो आणि आपल्याला वाटतं, किती स्वच्छ रंगीत फोटो!

आता तुमचं देऊळ. रंग नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, शिखर सापडेल ते सावलीवरून. फोटो संगणकावर पूर्ण मोठा करा आणि उलटा फिरवा, दक्षिण वर. आपल्याकडे सावल्या बहुतेक उत्तरेला पडतात आणि डोळ्यांना उजेड वरून यायची सवय, त्यामुळे सरळ धरलेल्या फोटोत कधीकधी भीमेचं पात्र बांधासारखं उंच दिसतं. फिरवलंत, की ते खाली बसेल. मग काठाकाठाने जा आणि खाली टोकदार सावली सोडणारा चौकोनी ठिपका शोधा.