कारगिलला जाणाऱ्या ट्रकला डिझेलवर चालणारा हीटर बसवावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नाशिकहून कांदा भरून गाडी नोव्हेंबरात कारगिलला गेली, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली आणि दुपारपर्यंत गाडी जागची हलली नाही. आता कुणीतरी सुचवलंय की थंड देशांतल्या ट्रकांना असतो तसा डिझेल जाळून इंजिन गरम करणारा हीटर बसवा. तो बसवावा का, आणि निफाडला घरची पिकअप आहे तिलाही बसवावा का?

पिकअपला नको. ट्रकला बसवा, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी चार कामं आहेत. ती केली नाहीत तर हीटरचे पैसे पाण्यात.

माझं पंप-नोझलचं काम आहे, आडगाव नाक्याच्या अलीकडे, वीसेक वर्षं झाली. नाशिकमध्ये बसून मला हिमालयातली थंडी काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. आठेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची गाडी अशीच वर अडकायची, म्हणून एका खेपेला मी सोबत गेलो. श्रीनगरकडून जाताना कारगिलच्या अलीकडे द्रास लागतं, तिथे रात्र काढली. सकाळी ड्रायव्हरने सेल्फ मारला, इंजिन फिरत होतं पण धूरसुद्धा येत नव्हता. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही, हे आमच्या धंद्यात पोरगंही सांगेल. मी खाली वाकून वॉटर सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या फिल्टरच्या, पारदर्शक वाटीवर टॉर्चचा उजेड मारला. आत डिझेल नव्हतंच, साजूक तूप होतं. पांढरट, दाणेदार, वाटी बोटाने ठोकली तरी हलेना.

शेजारी पंजाबची एक गाडी उभी होती, तिला हा हीटर होता. पहाटे मला झोपेत टिकटिक ऐकू येत होती, तो त्याचा छोटा डिझेल पंप. उठून पाहिलं तर केबिनखालून बोटभर जाडीचा सायलेन्सर बाहेर आलेला आणि त्याच्या तोंडापुढचा बर्फ ताटाएवढा वितळलेला. मला हेवा वाटला. पण थोड्या वेळाने टिकटिक चालू राहिली आणि धूर पांढरा झाला, मग हीटर फुस्स करून बंद पडला. पुन्हा पेटेना. कारण तो हीटरही त्याच टाकीतलं डिझेल पीत होता, आणि त्याची नळी तर इंजिनाच्या नळीपेक्षाही बारीक. शेवटी ढाब्यावरून गरम पाणी आणलं, फडकी भिजवून दोन्ही गाड्यांच्या फिल्टरला आणि पाइपांना गुंडाळत बसलो. ऊन वर आल्यावर दोन्ही गाड्या पाच मिनिटांच्या फरकाने सुरू झाल्या. हीटरवाली आधी नव्हे, नंतर.

म्हणून पहिलं काम डिझेलचं. खोबरेल तेलाची बाटली थंडीत थिजते, उन्हात ठेवली की पातळ होते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. डिझेलचंही तेच, फक्त ते जास्त थंडीत होतं. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की त्याचे कण धरतात आणि फिल्टरच्या कागदावर थर बसतो. टाकीतलं डिझेल पूर्ण गोठावं लागत नाही, फिल्टर तुंबला की खेळ संपला. आपल्या देशातल्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि हिवाळ्यासाठी ६ अंश आहे. अधिक ६, उणे नव्हे. प्रत्यक्षात पंपावर मिळणारा माल बहुधा याहून बरा असतो, पण तो उणे पंधरासाठी बनवलेला नसतो एवढं नक्की.

आणि ड्रायव्हर काय करतात? चंदीगडच्या आसपास डिझेल स्वस्त म्हणून तिथे टाकी गळ्यापर्यंत भरतात आणि तेच घेऊन वर चढतात. पैसे वाचतात ते द्रासच्या ढाब्यावर दोन दिवस बसून खर्च होतात. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरपासून लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलंय, पानिपतच्या रिफायनरीतून जातं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हतं. आता आहे, तर टाकी अशा हिशेबाने भरा की वर पोचेपर्यंत खालचं डिझेल तळाला गेलेलं असेल आणि मुक्कामाआधी ते हिवाळी डिझेल पडेल. टाकीत घातल्यावर गाडी थोडी चालवा, नाहीतर नवं डिझेल टाकीत आणि जुनं फिल्टरमध्ये अशी गंमत होते.

रॉकेल मिसळायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. जुन्या पंपाच्या गाड्यांना लोक घालायचे, चालायचंही. तुमची बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, गाडी असेल तर हात जोडून सांगतो, नको. या गाड्यांचा जास्त दाबाचा कॉमन रेल पंप डिझेलच्याच वंगणावर जगतो, रॉकेल त्याला कोरडं पाडतं. त्या पंपाचं बिल मी लोकांच्या हातात देतो तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. पेट्रोल मिसळणं तर निव्वळ आगीशी खेळ.

दुसरं, रेडिएटर. आपल्याकडच्या निम्म्या ट्रकांत नळाचं पाणी असतं, कारण कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं न गोठणारं द्रव, गळलं की क्लीनर पाण्याची बाटली ओततो. नाशिकला चालून जातं. वर रात्री त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि ब्लॉक तडकतो. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ च्या आसपासपर्यंत काळजी नाही. आणि हा मुद्दा हीटरशी थेट जोडलेला आहे, कारण हीटर इंजिन गरम करतो ते कुलंट फिरवूनच. आत बर्फ असेल तर फिरवणार काय?

बॅटरी आणि ऑइल हे दोन्ही पटकन सांगतो. उणे १८ च्या सुमाराला बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षं जुन्या बॅटऱ्या घेऊन वर जाऊ नका. ऑइल बहुतेक ट्रकांत १५डब्ल्यू-४० असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. १५ वाल्याची थंडीत इंजिन फिरण्याची चाचणी उणे २० ला घेतात, ५ वाल्याची उणे ३० ला. म्हणजे द्रास-कारगिलच्या नोव्हेंबरात १५ वालं कसंबसं चालेल, जानेवारीत पाच डब्ल्यूचं घाला. अर्थात तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात त्याला परवानगी असेल तरच.

आता हीटर. बाथरूममधला गॅस गीझर डोळ्यापुढे आणा. गॅसऐवजी डिझेल, आणि नळाच्या पाण्याऐवजी रेडिएटरचं कुलंट. एक छोटा पंप टाकीतून थेंब-थेंब डिझेल ओढतो, तीच ती टिकटिक. एक पंखा हवा देतो, ग्लो पिन, म्हणजे विजेवर तापणारी कांडी, लाल होऊन ते पेटवते आणि जाळाभोवतीच्या कवचातून कुलंट फिरतं. दुसरा एक पंप ते गरम कुलंट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवून परत आणतो. इंजिन बंदच असतं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा सतराअठरा पट दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. ब्लॉक बर्फासारखा गार असला की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीच पिऊन टाकतात. भिंती कोमट केल्या की सेल्फला अर्ध्या फेरीत गाडी घेते.

खर्चाचं गणित सोपं आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेएवढी उष्णता असते. ५ किलोवॅटचा हीटर तासाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पितो, आणि ट्रकचं इंजिन तासाभरात चांगलं कोमट होतं. उलट रात्रभर इंजिन चालू ठेवलं, जे बहुतेक ड्रायव्हर करतात, तर तासाला दोन-तीन लिटर धरा, आठ तासांत पंधरा-वीस लिटर गेलं. शिवाय बीएस६ गाडीच्या धूरगाळणीत काजळी साठते ती वेगळीच. वर्षाला वरच्या दोन-तीन खेपा असतील तर हीटरची किंमत निघायला वेळ लागेल. सगळा हिवाळा तिकडेच असाल तर लवकर निघेल.

घेताना एक चूक फार जण करतात. ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते बहुतेक हवा गरम करणारे हीटर असतात. केबिनमध्ये झोपायला छान, इंजिनाला त्यांचा शून्य उपयोग. तुम्हाला कुलंट गरम करणारा हवा. आपल्या ट्रकांना २४ व्होल्टचा, हेही बघून घ्या. या धंद्यातली दोन मोठी नावं जर्मन आहेत, एबरस्पेशर आणि वेबास्टो, आणि दोन्ही एसलिंगेन नावाच्या एकाच गावात सुरू झाल्या, पहिली १८६५ मध्ये, दुसरी १९०१ मध्ये. वेबास्टो हे नाव तर मालक विल्हेल्म बायर आणि कंपनी पुढे जिथे गेली ते गाव स्टॉकडॉर्फ यांची अक्षरं जोडून केलेलं. आपल्याकडे पोरांच्या नावांची अक्षरं जोडून गाडीवर लिहितात, त्यातलाच प्रकार.

उंचीचं विसरू नका. द्रास तीन हजार मीटरच्या वर आहे, हवा विरळ. डिझेल तेवढंच आणि हवा कमी म्हणजे काजळी, आणि काजळी म्हणजे चारआठ दिवसांत हीटर बंद. उंचीवर डिझेलचं प्रमाण कमी करणारी सोय त्यात आहे का, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. नुसतं 'हो हो, चालतो' यावर जाऊ नका.

बसवताना टाकीत त्याची स्वतंत्र नळी टाका, इंजिनाच्या डिझेल लाइनला टी मारून, म्हणजे फाटा काढून, घेऊ नका. बीएस६ गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपला विचारा. सायलेन्सरचं तोंड केबिनच्या खाली नको, बाहेरच्या बाजूला हवं. गॅस गीझरने बंद बाथरूममध्ये जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तोच कार्बन मोनॉक्साइड इथेही असतो, त्याला वास नसतो. बंद शेडमध्ये लावायचा नाही, डिझेल भरताना लावायचा नाही. आणि बंद करताना बटणानेच बंद करायचा. बटण दाबल्यावर पंखा दोन-तीन मिनिटं फिरत राहतो, तो आतली भट्टी गार करत असतो. आपले ड्रायव्हर घाईत बॅटरीचा मेन स्विचच काढतात. मग आतलं सगळं भाजून निघतं.

अजून एक, महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं हीटर लावायचाच, मे महिन्यातही. ओझरला ४० अंशांत हीटर लाव म्हटलं की ड्रायव्हर तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल. बघू द्या. माझ्याकडे आलेला एक हीटर मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत पडून होता. आतलं डिझेल चिकट होऊन पंप जाम, ग्लो पिनची जाळी बुजलेली. खोलून साफ करायला मला दिवस गेला आणि मालकाची खेप.

बीएस६ गाडीत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात त्या युरियाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. ते उणे ११ ला गोठतं. त्यामुळे गाडी बंद पडत नाही, इंजिन तापलं की कुलंटच्या उष्णतेने तेही वितळतं. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून टाकीखाली पेटता बोळा धरायला जाऊ नका. टाकी प्लास्टिकची असते. डिझेलच्या टाकीखाली बोळा धरणारेही मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

राहिली निफाडची पिकअप. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या आसपास आला की पेपरात फोटो येतात, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात. पण डिझेल इंजिनाला ही थंडी म्हणजे नुसती शिरशिरी. तेवढ्यात पिकअप कुरकुरत असेल तर हीटर प्लग तपासा (सिलिंडर आतून तापवणाऱ्या विजेच्या कांड्या, वरच्या हीटरशी त्यांचा संबंध नाही), चारातले दोन तरी गेलेले निघतील. चावी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबता का, तेही बघा, सकाळी बाजार समितीत पोचायच्या घाईत कुणी थांबत नाही. बॅटरीची टर्मिनलं गरम पाण्याने धुऊन घट्ट करा. दहात आठ गाड्या एवढ्यात सुरू होतात. उरलेल्या दोन माझ्याकडे येतात, त्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबायची ताकद, गेलेलं असतं.

ट्रकचं म्हणाल तर कुठलं मॉडेल, कितवं साल आणि मुक्कामाआधी टाकी कुठे भरली होती, एवढं कळवा. सकाळी सेल्फ मारताना धूर येत होता का, हेही ड्रायव्हरला विचारा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, इंजिन गार आहे, आणि मग हीटरचं बोलू. धूरच नसेल तर तूपच झालं होतं.